टाकीचे घाव कोणी सोसायचे?

डिसेंबर २०२५मध्ये हडफडेच्या नाइटक्लबला आग लागली आणि २५ माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस गोव्यात दुसरा विषय नव्हता. परवाना कोणी दिला, पंचायतीने काय केलं, मालक कुठे पळाले, ऐन मोसमात पर्यटनाचं किती नुकसान झालं, यावर वर्तमानपत्रांतून, नाक्यावर, देवळाच्या पायऱ्यांवर तावातावाने बोललं गेलं. बोलायलाच हवं होतं. पण गेलेल्या २५ जणांपैकी २० जण तिथे मौजमजेसाठी आलेले नव्हते. ते तिथे कामाला होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा लांबलांबच्या मुलखांतून पोटासाठी आलेली ही माणसं. त्यांतल्या बहुतेकांचा जीव धुराने गुदमरून गेला. ही गोष्ट त्या सगळ्या चर्चेत एका ओळीपुरती आली आणि मागे पडली. धूर भरल्यावर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, हे त्यांना कामावर घेताना कोणी दाखवलं होतं का? हा प्रश्न मी तरी फार थोड्यांच्या तोंडून ऐकला.

एवढी मोठी दुर्घटना घडते तेव्हा निदान चौकशी तरी होते. पण एकेकट्याचे अपघात, कोणाचं बोट जातं, कोणी शिडीवरून पडतो, कोणाच्या अंगावर उकळतं तेल सांडतं, त्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते आणि लोकांचा निकाल त्याहून लवकर लागतो. ‘आजकालच्या पोरांचं कामात लक्ष कुठे असतं? सगळा वेळ मोबाइल.’ दुसरा निकाल ‘भायल्यां’बद्दलचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांबद्दलचा: कुठून कुठून येतात, भाषा कळत नाही, मग असंच होणार. दोन्ही निकालांत एक सोय आहे. अपघाताचं कारण ज्याला लागलं त्याच्याच अंगात सापडतं, आणि बाकीचे सगळे मोकळे होतात.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. नवखेपणा हा स्वतःच एक धोका आहे, उघड्या तारेसारखा, झाकण नसलेल्या ॲसिडच्या कॅनसारखा. उघडी तार झाकणं जसं मालकाचं काम, तसं नवख्याला सांभाळणंही त्याला कामावर उभं करणाऱ्याचं काम आहे. कामाच्या पहिल्या ९० दिवसांत कोणीही नवा माणूस, मग तो १९ वर्षांचा असो की ४५ वर्षांचा, एकटा धोक्याच्या कामावर उभा राहता कामा नये, असा कायदा हवा. आणि तो कारखान्यापुरता नको. हॉटेलच्या स्वयंपाकघराला, किनाऱ्यावरच्या मोसमी खानावळीला म्हणजे शॅकला, गॅरेजला, बांधकामाला, सगळीकडे हवा.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. गोव्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, पत्र्याचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मी २२ वर्षं सुपरवायझर होतो. पॉवर प्रेस ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. खाली डाय, वर पंच, मधे पत्रा. पायाने पॅडल दाबलं की पंच खाली येतो आणि पत्र्यातून हवा तो आकार कापून निघतो. तो कापलेला तुकडा, म्हणजे जॉब, कधीकधी डायमध्ये अडकतो. तो चिमट्याने काढायचा असतो, पण चिमट्याने काढत बसलं तर टार्गेट हुकतं, म्हणून सगळे बोटांनी काढतात. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसच्या तोंडाशी जाळीचा गार्ड असतो. आमच्या एका प्रेसचा गार्ड काढून कित्येक महिने भिंतीला टेकवून ठेवलेला होता, त्याच्यावर धुळीचा थर होता. त्याच प्रेसचा क्लच झिजला होता, त्यामुळे पॅडल एकदा दाबलं तरी पंच कधीतरी दोनदा यायचा. ‘मशीन डबल मारता,’ असं कामगार म्हणायचे. मलाही ते माहीत होतं.

मुलगा १९ वर्षांचा, आयटीआय करून आलेला, फोंड्याजवळच्या एका गावातला. रुजू होऊन त्याला ११ दिवस झाले होते. त्याला त्या प्रेसवर बसवायचं ठरलेलंही नव्हतं. नेहमीचा ऑपरेटर चतुर्थीला घरी गेलेला तो परतला नव्हता आणि माल त्याच संध्याकाळी जायचा होता. मीच म्हटलं, ‘बस तू, शेजारचा दाखवील.’ शेजारच्याने चहाच्या वेळात पाच मिनिटं दाखवलं. अडीच तासांनी मशीनने डबल मारलं. उजव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, दुसऱ्या पेरापासून गेली. तो लगेच ओरडलाही नाही. हात पोटाशी धरून उभा राहिला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सर, मशीन बंद करूं?’ बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेताना गाडीत मी त्याला विचारलं, मशीन असं करतंय हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं का? आलं होतं. सकाळपासून दोनदा तसं झालं होतं. मग सांगितलं का नाहीस? ‘विचारपाक भियेलों, सर.’ विचारायला घाबरलो.

संध्याकाळी ऑफिसात बसून अपघाताचा फॉर्म मी भरला. ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात लिहिलं: कामगाराचा निष्काळजीपणा. तसं लिही म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आधीचे फॉर्म तसेच भरलेले होते, मीही तसंच लिहिलं आणि सही केली. म्हणून ‘पोरं निष्काळजी असतात’ हे वाक्य कुठेही ऐकलं की मला त्या रकान्यातलं माझं अक्षर दिसतं.

आता समोरच्या बाजूचं ऐकून घेऊ. तरुण पोरं धोका अंगावर घेतात, यात तथ्य नाही का? आहे. हेल्मेट हँडलला अडकवून गाडी हाकणारा मुलगा कामावर आला म्हणून एकदम शहाणा होत नाही. सेफ्टी शूज चावतात म्हणून चपलेवर येणारे, गॉगल कपाळावर चढवून ग्राइंडर चालवणारे मी रोज पाहिले आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८मध्ये जाहीर केलं की १५ ते २४ वयाच्या कामगारांत जीवघेण्या नसलेल्या अपघातांचं प्रमाण त्याहून मोठ्या वयाच्या कामगारांपेक्षा ४० टक्क्यांपर्यंत जास्त आहे. म्हणजे आकडाही ‘पोरं निष्काळजी’ म्हणणाऱ्यांच्याच बाजूचा दिसतो. पण टोरंटोच्या कामगार आरोग्य संशोधन संस्थेने हाच प्रश्न नीट उकलून पाहिला, तेव्हा वेगळंच दिसलं. नव्या नोकरीच्या पहिल्या महिन्यात जखमी होण्याचा धोका वर्षभराहून अधिक काळ तिथे काम केलेल्याच्या तिपटीहून जास्त असतो, आणि हे सगळ्या वयांत दिसतं. चाळिशीचा अनुभवी माणूस नव्या ठिकाणी आला तरी पहिल्या महिन्यात तोही तसाच सापडतो. तरुणांचे अपघात जास्त दिसतात त्यामागे हेही आहे की नवे लोक मुख्यतः तरुणच असतात. त्यांना कामं मिळतात तीही सगळ्यात अवघड, सगळ्यात कमी पगाराची, रात्रीची, ठेकेदाराकडची. तरीही समजा, स्वभाव हेच कारण आहे. पोरं शाळा सुटल्यावर रस्त्यावर धावतात हे माहीत असतं म्हणून आपण शाळेसमोर गतिरोधक घालतो की पोरांवर खापर फोडून मोकळे होतो? जे आधीपासून ठाऊक आहे त्याची तजवीज न करणं, यालाच निष्काळजीपणा म्हणतात.

दुसरं म्हणणं जुन्या लोकांचं, आणि ते मनापासून असतं. आम्ही असेच शिकलो. आम्हाला कोणी बोट धरून दाखवलं? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. मेहनतीने वर आलेल्या माणसाचा हा अभिमान मला समजतो. माझा बापही असाच बोलायचा. पण या म्हणीत टाकी पाथरवटाच्या हातात असते. घाव कुठे घालायचा, किती जोराने घालायचा, हे त्याला कळतं, म्हणून दगडाचा देव होतो. आंधळ्याने टाकी चालवली तर दगडाची खडी होते. उमेदवाराला कामाचा त्रास झाला पाहिजे, चूक झाली तर बोलणी बसली पाहिजेत, जॉब परत करावा लागला पाहिजे, हे सगळं मान्य. त्यात शिकणं आहे. तुटलेल्या बोटातून काय शिकणार? शिवाय ‘आम्ही असेच शिकलो’ म्हणणारे तेवढेच असतात जे धडपणे शिकून बाहेर पडले. ज्यांची शिकवणी अर्ध्यावर संपली ते आज कुठल्या तरी गेटवर वॉचमन आहेत आणि त्यांना कोणी विचारायला जात नाही.

खरं तर नवख्याला कसं सांभाळायचं हे गोंयकाराला कोणी सांगायला नको. सासष्टीत, बार्देशात घराघरांत तारवटी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं बोटीवर गेली: खलाशी म्हणून, कुक म्हणून, स्टुअर्ड म्हणून. आज क्रूझवर नुसती भांडी धुवायला जाणाऱ्या मुलालाही आधी कोर्स करावे लागतात. आग कशी विझवायची, पाण्यात जीव कसा वाचवायचा, प्रथमोपचार, स्वतःची आणि दुसऱ्याची सुरक्षा. हे केल्याशिवाय त्याला बोटीवर पाय ठेवू देत नाहीत. १९७८च्या आंतरराष्ट्रीय करारातून हे आलं. बोटीवरच्या कवायतींचा नियम तर मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक खलाशाने महिन्यातून एकदा तरी आगीची आणि बोट सोडण्याची कवायत करायचीच. पण त्या बोटीवर गेल्या महिन्यात कवायत न केलेले खलाशी २५ टक्क्यांहून जास्त असतील, तर बंदर सोडल्यापासून २४ तासांच्या आत सगळ्यांची कवायत झाली पाहिजे. यात वय विचारलेलं नाही. वीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस या बोटीवर नवा असेल तर तो नवाच. टायटॅनिक १९१२मध्ये बुडाली, दीड हजार माणसं गेली, आणि १९१४मध्ये समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, तिथून घासत घासत हे नियम तयार झाले. आमच्या शेजारचा मुलगा पहिलं काँट्रॅक्ट संपवून आला तेव्हा सांगत होता: गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, आगीवर टाकायचं ब्लँकेट कुठे आहे, हे डोळे मिटून दाखवता आलं पाहिजे, त्याशिवाय शेफ तव्याला हात लावू देत नाही.

हाच मुलगा बोटीवर जाण्याआधी दोन मोसम किनाऱ्यावरच्या एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात होता. तिथे त्याला पहिल्या दिवशी काय दाखवलं? एप्रन कुठे टांगायचा ते. आमच्या किनाऱ्याचं आणखी एक वेगळेपण आहे ज्याचा विचारच होत नाही. शॅक मे संपता संपता मोडतात आणि ऑक्टोबरपासून पुन्हा उभे राहतात. दर मोसमाला निम्मीअधिक माणसं नवी असतात. बोटीच्या हिशेबाने बघितलं तर ऑक्टोबरात सगळी किनारपट्टी एकदमच बंदर सोडते आणि खलाशांतले बहुतेक नवे असतात. गॅसचे सिलिंडर, तंदूर, उकळत्या तेलाची कढई, ओली फरशी, बारा-बारा तासांची पाळी आणि कोणालाच बाहेर पडायचा दुसरा रस्ता ठाऊक नाही. आपला मुलगा परदेशी कंपनीच्या बोटीवर जातो तेव्हा त्याचा जीव एवढा मोलाचा, आणि झारखंडचा मुलगा आपल्या किनाऱ्यावर येतो तेव्हा त्याच्यासाठी अर्ध्या तासाची कवायत परवडत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

‘परवडत नाही’ हे म्हणणं मात्र हलक्याने उडवून लावण्यासारखं नाही. गोव्यात खाणी २०१२मध्ये थांबल्या, पुन्हा २०१८मध्ये थांबल्या. ट्रक दारात उभे राहिले, कर्जं डोक्यावर बसली. त्यातून उठून कोणी चार माणसांचं गॅरेज काढलं, कोणी फॅब्रिकेशनचं शेड टाकलं. त्यांना प्रत्येक नवा नियम म्हणजे नवा कागद, नवी फेरी, नवा हात ओला करणं. इन्स्पेक्टर येतो, फायरचा सिलिंडर टांगलेला आहे का एवढं बघतो, आणि तो भरलेला आहे का हे न बघता जातो, हे मीही पाहिलंय. लहान धंदेवाल्याचा हा राग खरा आहे. पण मी जे मागतो आहे त्यात खर्च कुठला? पहिले ९० दिवस नव्या माणसाबरोबर एक जुना माणूस. धोक्याच्या मशीनवर बसवण्याआधी त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगणं आणि शिकवणाऱ्याने तारीख घालून सही करणं. रात्रपाळीत त्याला एकटा न ठेवणं. ‘मशीन बिघडलंय’ म्हणून काम थांबवलं तर त्याचा पगार न कापणं. यासाठी ना यंत्र विकत घ्यावं लागत, ना कन्सल्टंट नेमावा लागत. वेळ जातो, हे कबूल. दोन बोटं गेली त्या दिवशी आमचा तो माल संध्याकाळी गेलाच नाही, आणि पुढचे तीन दिवस त्या शेडमध्ये कोणाचा हात चालत नव्हता. तो वेळ हिशेबात कुठे धरतात?

शिवाय ‘कायदा केला तर धंदा बुडेल’ हे मराठी माणसाने याआधीही ऐकलेलं आहे. १८८१मध्ये हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नका आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घेऊ नका, एवढंच त्यात मुख्य होतं. नऊ तास, सात वर्षांच्या मुलाकडून! एवढ्यालाही विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांत त्या काळची बरीच राष्ट्रवादी वृत्तपत्रं होती. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या गिरण्या बुडवायच्या आहेत, कामगारांचा कळवळा हे सोंग आहे, असं त्यांचं म्हणणं. लँकेशायरचा स्वार्थ खराच होता, त्यांचा संशय खोटा नव्हता. पण त्या संशयाच्या आड सात वर्षांचं पोर मशीनखाली राहिलं त्याचं काय? त्या वेळी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. १८८४मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, याबरोबर त्यात आणखी एक मागणी होती, जिची आठवण आपण फारशी काढत नाही: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरण्या बुडाल्या का? त्यानंतर नव्वदेक वर्षं मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजत राहिले. त्या बंद पडल्या तेव्हा कारणं अनेक होती. रविवारची सुट्टी त्यांत कोणी धरलेली नाही.

कायदे आधीच आहेत, नुसती अंमलबजावणी हवी, असं म्हणणारे माझे मित्र आहेत, त्यांतले दोघे वकील. त्यांचं अर्धं बरोबर आहे. १९४८च्या कारखाने कायद्याचं कलम २३ मी त्या अपघातानंतर पहिल्यांदा नीट वाचलं. अल्पवयीन कामगाराला धोक्याच्या यंत्रावर बसवण्याआधी त्या यंत्राचे धोके आणि घ्यायची काळजी पूर्ण समजावून सांगा. त्याला पुरेसं प्रशिक्षण द्या, किंवा यंत्राची पक्की माहिती असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवा. यापेक्षा चांगलं मला लिहिता येणार नाही. पण हे कलम वयाच्या १८व्या वर्षी संपायचं. १८ वर्षं आणि एक दिवस झाला की कायद्याच्या लेखी मुलगा प्रौढ, एका रात्रीत प्रेसचा जाणकार. आमचा मुलगा १९ वर्षांचा होता. नोकरीला लागतात ती मुलं बहुतेक याच वयाची असतात, १८ ते २४. म्हणजे संरक्षण जिथे संपतं तिथेच गर्दी सुरू होते. दुसरी गोष्ट, ‘कारखाना’ या शब्दाची व्याख्या. हॉटेल, उपाहारगृह, खाण्याची जागा म्हणजे कारखाना नव्हे, असं त्या व्याख्येत शब्दशः लिहिलेलं आहे. गोव्यासारख्या राज्यात, जिथे तरुण माणसं सगळ्यात जास्त दिसतात ती स्वयंपाकघरांत आणि टेबलांमधून, तिथे या एका ओळीने किती जण बाहेर राहतात याचा विचार करा. पणजीला आल्तिन्होवर कारखाने आणि बॉयलर तपासणाऱ्यांचं कार्यालय आहे, तिथे जाणती माणसं आहेत. पण किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरात त्यांनी यावं कशाच्या आधारावर?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षेची नवी संहिता लागू झाली. तिच्यात चांगल्याही गोष्टी आहेत. नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं हे लहान काम नाही, कारण ‘हा आमचा माणूसच नव्हे’ म्हणायची सोय त्यातून कमी होते. पण कारखाना म्हणायला यंत्रशक्ती असेल तिथे पूर्वी १० माणसं पुरत, आता २० लागतात. यंत्रशक्ती नसेल तिथे २० होती ती ४० झाली. हॉटेलं कारखान्याच्या व्याख्येबाहेर होती, ती तिथेच राहिली. मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोचवणाऱ्या मुलांची नोंद सामाजिक सुरक्षेच्या संहितेत झाली, पण या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत त्यांचं नावही नाही, आणि पणजी-मडगावच्या पावसाळी रस्त्यांवर सगळ्यात जास्त घाईत तीच असतात. नियम करण्याचा अधिकार राज्याला आहे. कलम २३मधली ती ओळ तिथे उचलून ठेवता येते: ‘अल्पवयीन’ खोडून ‘नवा रुजू झालेला’ लिहायचं.

यावर एक हुशार आक्षेप मी ऐकला. असं केलं तर मालक नवी पोरं घेणारच नाहीत, आधीच जाहिरातीत ‘दोन वर्षांचा अनुभव’ मागतात. नियम वयावर बेतला तर हे होईल, म्हणूनच तो वयावर नको. अनुभवी माणूसही आपल्या शेडमध्ये नवाच असतो, त्यालाही तेच ९० दिवस लागू. मग तरुणाला टाळून मालकाचं काही वाचत नाही.

आतापर्यंत मी बोटांबद्दल बोललो, कारण बोट तुटलं की दिसतं. छातीचं आणि कानाचं तसं नसतं. ग्रॅनाइट कापणाऱ्या मुलाच्या छातीत जाणारी धूळ, पत्रा कापणाऱ्या शिअरिंग मशीनच्या आवाजाने जाणारं ऐकू येणं, यांना वर्षं लागतात. त्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसवर इलाज नाही. आवाजाने गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. नव्या संहितांबरोबर सरकारने ४० वर्षांवरच्या कामगारांसाठी वर्षातून एकदा मोफत तपासणी जाहीर केली. चांगलं केलं. पण विसाव्या वर्षी कामाला लागलेल्याची तपासणी चाळिसाव्या वर्षी करायची म्हणजे घर जळून गेल्यावर पंचनामा करायचा. लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने १७७५मध्ये लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा कॅन्सर काजळीमुळे होतो. चार-सहा वर्षांची पोरं धुराड्यांतून चढत, रोग मोठेपणी उगवे, आणि तोवर मालक कोण होता हे कोणाच्या लक्षातही नसे. १८०३मध्ये धुराडी साफ करायचा लांब दांड्याचा ब्रश निघाला. तरी पोरं चढत राहिली. ब्रशने नीट साफ होत नाही, घरं जळतील, असं पार्लमेंटात सांगितलं जाई. पोरांना चढवणं खरोखर बंद झालं ते १८७५च्या कायद्याने. रोगाचं कारण कळल्यापासून १०० वर्षं, उपाय निघाल्यापासून ७२. आमचा गार्डही भिंतीला टेकलेला होताच. साधन नव्हतं म्हणून बोटं गेली नाहीत. नव्या माणसाची छाती आणि कान रुजू होताना तपासले, नोंदवून ठेवले, तर पुढे काय बिघडलं ते निदान सिद्ध करता येईल. आज त्याच्या हातात कागदच नसतो.

राहिला ‘भायल्यां’चा मुद्दा. ८० टक्के नोकऱ्या गोंयकारांना, ही मागणी विधानसभेत आणि बाहेर वर्षानुवर्षं होते. मी तिच्या विरोधात नाही. माझ्या भाच्यांनाही इथेच काम मिळावं असं मला वाटतं. पण नोकरी कोणाला यावर एवढा जीव टाकणारे आपण, नोकरी कशी आहे हे विचारत नाही. आमच्या कारखान्यातला तो मुलगा फोंड्याचा होता. त्याला कोंकणी येत होती, मराठी येत होती, मला तो घरच्यासारखा होता. प्रेसने त्याचं गाव विचारलं नाही. आणि कानडी, ओडिया, हिंदी बोलणाऱ्या मुलाला सूचना कळत नसतील, तर फलक इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे आधी कळायला नको का? बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेतही सूचना लावा, हे १९४८च्या कायद्यातही होतं. परक्या मुलाला धोक्यात ठेवून धंदा स्वस्त होत असेल, तर मालक गोंयकाराला घेईलच कशाला? ज्यांना ८० टक्के हवेत त्यांनी तर सुरक्षेसाठी सगळ्यांत आधी भांडलं पाहिजे.

करायचं कुठून सुरू, असं कोणी विचारलं तर मी अपघाताच्या फॉर्मपासून सांगेन, कारण मी तिथेच चुकलो. ‘अपघाताचे कारण’ या रकान्याच्या आधी चार प्रश्न असावेत. या जागी रुजू होऊन किती दिवस झाले? हे काम कोणी, कधी आणि कोणत्या भाषेत शिकवलं? यंत्रात किंवा जागेत काही बिघाड होता का आणि तो कोणाला ठाऊक होता? काम थांबवायचा अधिकार त्याला होता का? हे चार भरल्याशिवाय पाचवा भरता येऊ नये. त्या मुलाचा फॉर्म आज माझ्यासमोर असता तर मी असा भरला असता. अकरा दिवस. शेजारच्या ऑपरेटरने, चहाच्या वेळात, पाच मिनिटं, कोंकणीत. गार्ड काढलेला, क्लच झिजलेला. सुपरवायझरला माहीत होतं. चौथ्या रकान्यात त्याचंच वाक्य लिहिलं असतं: विचारपाक भियेलों.